न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग : ग्रंथनिष्ठा आणि तडजोड

(१)

मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती नानाभाई हरिदास यांचे १८८९ साली निधन झाले आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी काशिनाथ त्रिंबक तेलंग यांची नेमणूक झाली. त्या वेळी तेलंगांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते. पुढे चारच वर्षांनी, १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्यांचा अंत झाला आणि ती जागा महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात रानड्यांना जे मध्यवर्ती स्थान लाभले, ते तेलंगांना लाभले नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख बहुधा एका नाट्यानुवादापुरता येतो, भारतविद्येच्या अभ्यासकांना ते भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून ठाऊक असतात, तर कायद्याच्या ग्रंथांतून त्यांच्या हिंदू कायद्यावरील निर्णयांचे हवाले दिले जातात. एकाच व्यक्तीचे हे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या विद्याशाखांनी वाटून घेतल्यामुळे त्या व्यक्तीचा समग्र विचार क्वचितच झाला आहे.

असा समग्र विचार करू गेल्यास तेलंगांच्या चरित्रात एक विलक्षण विसंगती आढळते. ग्रंथ, ताम्रपट, बखर किंवा स्मृतिवचन यांचा प्रश्न असला म्हणजे तेलंग कोणाच्याही अधिकाराला नमते घेत नसत. जर्मन पंडितांचे सिद्धांत असोत, शासकीय आयोगाचे बहुमत असो, की सहकारी न्यायमूर्तींचे मत असो, पुराव्याच्या कसोटीला जे उतरत नाही ते त्यांनी स्वीकारले नाही. सामाजिक आचाराच्या क्षेत्रात मात्र त्यांनी तडजोडीला तत्त्वाचे रूप दिले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी त्या तत्त्वाची फार मोठी किंमत त्यांच्या कीर्तीला मोजावी लागली. ही विसंगती केवळ दुबळेपणाची होती काय, की तिच्या मुळाशी एक विचारपद्धती होती, हा त्यांच्या चरित्रातील कळीचा प्रश्न आहे.

(२)

तेलंगांचा जन्म मुंबईतील एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात ऑगस्ट १८५० मध्ये झाला. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांना अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घालण्यात आले आणि १८५९ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. या शाळेत त्यांना नारायण महादेव परमानंद, म्हणजेच पुढे मामा परमानंद या नावाने ख्यातनाम झालेले शिक्षक लाभले. मामांची बुद्धी तीक्ष्ण व चारित्र्य निःस्पृह होते. गुरुशिष्यांच्या या नात्याचे पुढे निकटच्या मैत्रीत रूपांतर झाले.

संस्कृतासाठी असलेली भगवानदास शिष्यवृत्ती तेलंगांनी विद्यार्थिदशेतच मिळविली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते तेथेच फेलो झाले, आणि एम. ए. व एलएल. बी. या परीक्षा उत्तीर्ण झाले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालेले. म्हणजे तेलंगांची पिढी ही त्या विद्यापीठाच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी होती. इंग्रजी वाङ्मय, युरोपीय तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा अभ्यास आणि त्याच्या जोडीला मूळ संस्कृत ग्रंथांचे वाचन, असा दुहेरी संस्कार या पिढीवर झाला. यांपैकी अनेकांच्या बाबतीत एक संस्कार दुसऱ्यावर मात करून गेला. तेलंगांच्या ठायी मात्र दोहोंचा समतोल अखेरपर्यंत टिकला. त्यांचे इंग्रजी जितके निर्दोष, तितकाच त्यांचा संस्कृत व्यासंग सखोल होता.

व्यवसायाची निवड करताना त्यांनी बाळ मंगेश वागळे यांचे उदाहरण समोर ठेवले. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जेथे मुंबई शहरातील दावे प्रथमतःच चालत त्या शाखेत, वकिली करण्याची परवानगी न्यायाधीशांकडून मिळविणारे वागळे हे पहिले भारतीय होत. अपील शाखेत देशी वकिलांना वाव होता. मूळ शाखा मात्र विलायतेहून आलेल्या बॅरिस्टरांची राखीव भूमी समजली जाई. तेथे प्रवेश मिळविण्यासाठीची परीक्षा देऊन तेलंग १८७२ साली अ‍ॅडव्होकेट झाले. समुद्र न ओलांडता बॅरिस्टरांच्या पंक्तीला बसण्याचा हा मार्ग होता. त्यांचा जम लवकरच बसला, आणि व्यवसाय स्थिरावल्यावर सरकारी नोकरीचे आमंत्रण आले असता त्यांनी ते नाकारले.

(३)

तेलंगांच्या वकिलीला एका विशिष्ट परिस्थितीची पार्श्वभूमी होती, ती लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजी न्यायालयांत हिंदू धर्मशास्त्राचा अर्थ सांगण्यासाठी नेमलेल्या पंडितांची पदे १८६४ साली रद्द करण्यात आली. हिंदू कायदा न्यायाधीशांना आता स्वतःच ठाऊक आहे, असे गृहीत धरण्यात आले. वास्तविक बहुतेक न्यायाधीशांपुढे मूळ ग्रंथ नसत. त्यांच्यापुढे असे ते कोलब्रुकने १८१० साली केलेले मिताक्षरेच्या दायविभागाचे भाषांतर, बॉरोडेलने केलेले व्यवहारमयूखाचे भाषांतर, आणि वेस्ट व ब्यूलर यांनी संकलित केलेला निर्णयसंग्रह. पंडित गेले आणि भाषांतरे उरली. एखाद्या शब्दाच्या चुकीच्या भाषांतरावर कुटुंबेच्या कुटुंबे इस्टेटीला मुकण्याचा संभव त्यातून निर्माण झाला. अशा स्थितीत मूळ वचन, त्यावरील टीका आणि त्या टीकेची परंपरा हे सारे न्यायालयात सहजपणे उलगडून दाखविणारा वकील दुर्मीळ होता, आणि तेलंग ते करू शकत होते.

हीच चिकित्सा त्यांनी संशोधनातही वापरली. वकिलीचे पहिलेच वर्ष चालू असताना त्यांनी जर्मन प्राच्यविद्यापंडित आल्ब्रेख्त वेबर याच्या सिद्धांताला हात घातला. रामायणाच्या कथानकावर होमरच्या महाकाव्यांचा प्रभाव असावा, असे वेबरचे प्रतिपादन होते. तेलंगांचे त्यावरील उत्तर १८७३ साली प्रसिद्ध झाले. त्यात राष्ट्राभिमानाचा आवेश नाही. कथेतील साम्यस्थळे एकेक घेऊन, ती उसनवारीशिवाय संभवत नाहीत हे सिद्ध करण्याची जबाबदारी सिद्धांत मांडणाऱ्यावर आहे, या न्यायालयीन तत्त्वावर त्यांचा सारा युक्तिवाद उभा आहे. १८७४ साली मुंबई संस्कृत मालेत त्यांनी भर्तृहरीच्या नीतिशतक व वैराग्यशतक यांची आवृत्ती काढली. १८७५ साली भगवद्गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध केला, आणि त्याला जोडलेल्या विवेचनात, गीतेवर ख्रिस्ती धर्मग्रंथांची छाया आहे हे लोरिन्सर या जर्मन पंडिताचे मत खोडून काढले.

माक्स म्युल्लर याच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्डहून निघणाऱ्या पौर्वात्य धर्मग्रंथमालेच्या आठव्या खंडासाठी त्यांनी १८८२ साली गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता यांचे गद्य भाषांतर केले. गीतेचा काळ इसवी सनापूर्वीचा आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी भाषा, वृत्त, वेदविषयक दृष्टी आणि वर्णव्यवस्थेचे वर्णन असे अंतर्गत पुरावे एकत्र केले. १८८४ साली मुद्राराक्षस नाटकाची त्यांची आवृत्ती निघाली. त्यांची सर्वच अनुमाने टिकली असे नाही. शंकराचार्यांचा काळ सहाव्या शतकाच्या अखेरीस नेणारे त्यांचे मत पुढील संशोधकांनी सामान्यतः स्वीकारले नाही. तथापि निष्कर्षांहून त्यांची पद्धती अधिक महत्त्वाची ठरते. पुरावा कोणता, तो कितपत विश्वसनीय, आणि त्यातून किती सिद्ध होते व किती होत नाही, हे वेगवेगळे सांगण्याची शिस्त त्यांच्या प्रत्येक लेखात दिसते.

(४)

सार्वजनिक जीवनात तेलंगांचे नाव फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याबरोबर घेतले जाई. पारशी, मुसलमान आणि हिंदू असे हे त्रिकूट मुंबईच्या नव्या राजकारणाचे प्रतीक होते. युरोपीय आरोपींचे खटले देशी न्यायाधिकाऱ्यांपुढे चालविण्यास मुभा देणाऱ्या इल्बर्ट विधेयकाला १८८३ साली गोऱ्या समाजाने कडवा विरोध केला, तेव्हा मुंबईच्या टाउन हॉलमधील सभेत तिघांनीही विधेयकाची बाजू मांडली. १८८४ साली तेलंग मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. जानेवारी १८८५ मध्ये बाँबे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली तीत ते अग्रभागी होते, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत महाविद्यालयात राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले त्याच्या सिद्धतेतही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या वक्तृत्वात अलंकारिकता नव्हती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून अधिक स्पष्टपणे मांडावे आणि मग त्याचे निरसन करावे, ही त्यांची रीत होती.

शिक्षणाच्या क्षेत्रात त्यांनी केलेली एक कृती त्यांच्या स्वभावाची निदर्शक आहे. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील १८८२ च्या शिक्षण आयोगाचे तेलंग हे सभासद होते, आणि या कार्याबद्दल त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. सर्व धर्मांना समान अशा तत्त्वांवर आधारलेले नीतिपाठाचे एक पुस्तक तयार करावे, आणि महाविद्यालयांतून माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांविषयी व्याख्याने व्हावीत, अशी शिफारस आयोगाने केली. तेलंगांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले. नीती ही क्रमिक पुस्तकातून वा ठरावीक व्याख्यानांतून शिकविता येत नाही, ती शिक्षकाच्या सहवासातून आणि उत्तम वाङ्मयाच्या अभ्यासातून रुजते, अशी त्यांची धारणा होती. मामा परमानंदांच्या सहवासात वाढलेल्या विद्यार्थ्याला तसे वाटणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

(५)

सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर तेलंगांची भूमिका याहून गुंतागुंतीची आहे. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वादंग माजले. समाजसुधारणा आधी की राजकीय सुधारणा आधी, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. तेलंगांनी १८८६ साली या विषयावर इंग्रजीत एक व्याख्यान दिले. राजकीय प्रगतीसाठी सामाजिक सुधारणा ही पूर्वअट मानता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. इतिहासात राजकीय उन्नती सामाजिक उन्नतीची वाट पाहत थांबलेली दिसत नाही, हे दाखविण्यासाठी त्यांनी सतराव्या शतकातील इंग्लंडचा आणि मराठेशाहीचाही आधार घेतला. शिवाय जेथे विरोध कमीत कमी तेथून पुढे सरकावे, हा प्रगतीचा स्वाभाविक नियम आहे असे त्यांनी प्रतिपादिले. शासनाशी वाद घालताना युक्तिवाद पुरेसा असतो, स्वजनांशी वाद घालताना मात्र पूर्वजांविषयीचा आदर आणि शतकांचा अभ्यास यांच्याशी गाठ पडते, हा भेद त्यांना महत्त्वाचा वाटत होता. सामाजिक विषयांतील तडजोडीची मीमांसा त्यांनी मराठी निबंधातही केली.

ही भूमिका सुधारणाविरोधकाची नव्हती, हे त्यांच्या कृतींवरून स्पष्ट होते. बालपणी झालेला विवाह नाकारून पतीच्या घरी जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईवर दादाजी भिकाजी याने १८८४ साली दावा लावला. तेव्हा रखमाबाईची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तेलंग होते. १८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पुढील वर्षी अपिलात तो निर्णय फिरला, आणि १८८७ साली नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगवास पत्कर, असा हुकूम तिला झाला. तुरुंगवास पत्करण्याची तयारी दाखविणाऱ्या या तरुणीच्या निर्धाराने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. विवाहितेच्या संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यालाही तेलंगांनी पाठिंबा दिला. अन्याय कोणता, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. तो दूर करताना स्वजनांशी संघर्ष किती टोकाला न्यावा, एवढ्याच बाबतीत त्यांची पावले अडखळत होती.

(६)

याच कालखंडात, १८८७ साली, शहाणा नेथन हे त्यांचे मराठी नाट्यरूपांतर प्रसिद्ध झाले. इंग्रजी नाटकांच्या मराठी रूपांतरांची त्या काळी रेलचेल होती आणि तिचा कल प्रामुख्याने शेक्सपिअरकडे होता. आगरकरांचे विकारविलसित १८८३ सालचे, तेही हॅम्लेटचेच रूपांतर होते. तेलंगांनी मात्र लेसिंग या जर्मन लेखकाचे १७७९ सालचे नाटक निवडले. त्यात रंगभूमीवर गाजेल असे काही फारसे नाही. धर्मयुद्धाच्या काळातील जेरुसलेम, सुलतान सलाउद्दीन, एक ज्यू व्यापारी आणि एक तरुण ख्रिस्ती योद्धा अशी पात्रे घेऊन हे नाटक धर्मसहिष्णुतेचा विचार मांडते.

नाटकाच्या केंद्रस्थानी एक दृष्टांत आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक अंगठी धारण करणारा मनुष्य देवाला व माणसांना प्रिय होतो. ती एका पित्याकडे येते. तिन्ही पुत्रांवर त्याचे सारखेच प्रेम असल्याने तो तिच्यासारख्याच आणखी दोन अंगठ्या घडवून प्रत्येकाला एकेक देतो. पित्यामागे खरी अंगठी कोणाची, यावरून भावंडांत तंटा होऊन तो न्यायाधीशापुढे जातो. पुरावा नसल्यामुळे न्यायाधीश निवाडा देत नाही. आपलीच अंगठी खरी असे मानून प्रत्येकाने तिला शोभेल असे वागावे, हजारो वर्षांनी अधिक शहाणा न्यायाधीश या आसनावर बसेल, असा उपदेश करून तो त्यांना परत पाठवितो. तीन अंगठ्या म्हणजे तीन धर्म, हे उघड आहे.

हे नाटक मराठीत आणणारा लेखक दोनच वर्षांनी स्वतः न्यायासनावर बसला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. पुरावा नसेल तेथे निवाडा नाही, आणि निवाडा नसेल तेथे सद्वर्तन व काळ यांवर भरवसा, ही त्या दृष्टांतातील न्यायाधीशाची भूमिका तेलंगांच्या मनोवृत्तीशी जुळणारी होती. संशोधक म्हणून ते दृष्टांताच्या पहिल्या भागाचे अनुयायी होते, समाजचिंतक म्हणून दुसऱ्या भागाचे. मात्र दोन्हींत एक मूलभूत अंतर आहे. धर्माचे सत्य सिद्ध होणे हजारो वर्षे लांबले तरी कोणाचे तत्काळ नुकसान होत नाही. बालविवाहाचा प्रश्न काळावर सोपविला, तर दरम्यानच्या प्रत्येक वर्षाची किंमत कोणा ना कोणा मुलीला द्यावी लागते. तेलंगांच्या तडजोडवादाचे मर्मस्थान नेमके येथे आहे.

(७)

न्यायमूर्ती म्हणून तेलंगांना लाभलेला काळ अल्प होता, तरी हिंदू कायद्याच्या विकासात त्यांच्या निर्णयांना मानाचे स्थान मिळाले. यांपैकी आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हे १८९१ सालचे प्रकरण विशेष उल्लेखनीय आहे. पिता स्वतः आपल्या पित्याशी किंवा भावांशी एकत्र असताना, त्याच्या संमतीवाचून पुत्राला वडिलोपार्जित मिळकतीच्या वाटणीचा दावा लावता येतो काय, असा प्रश्न पूर्णपीठापुढे आला होता. बहुमताने तो अधिकार नाकारला. तेलंगांनी एकट्याने विरुद्ध मत दिले.

त्यांच्या मताचा पाया मिताक्षरेतील जन्मस्वत्ववाद हा होता. बंगालमध्ये प्रमाण मानलेल्या दायभागानुसार पित्याच्या मृत्यूनंतरच पुत्राला स्वामित्व प्राप्त होते. विज्ञानेश्वराच्या मते मात्र पितामहाच्या संपत्तीत पुत्राला जन्मतःच पित्याच्या बरोबरीचे स्वामित्व असते. हे तत्त्व एकदा मान्य केले की, वाटणी मागण्याचा अधिकार पित्याच्या इच्छेवर अवलंबून ठेवणे त्या तत्त्वाशी विसंगत ठरते, हे तेलंगांनी मूळ वचनांच्या आणि टीकांच्या आधारे सविस्तर दाखविले. मद्रास व अलाहाबाद येथील न्यायालयांनी पुत्राचा हा अधिकार मान्य केला. मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचाच नियम पुढे दीर्घकाळ प्रमाण राहिला. हिंदू कायद्याच्या अभ्यासकांना बहुमताच्या निर्णयाबरोबर तेलंगांचे भिन्न मतही विचारात घ्यावे लागले, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

मणिलाल रेवादत्त विरुद्ध बाई रेवा या प्रकरणात व्यवहारमयूखानुसार स्त्रीधनाचा वारसा कोणाकडे जातो, हा प्रश्न होता. पारिभाषिक आणि अपारिभाषिक स्त्रीधन असा नीलकंठाने केलेला भेद तेलंगांनी तेथे काळजीपूर्वक स्पष्ट केला. त्यांच्या निर्णयांत मूळ संस्कृत वाक्याचा अन्वय लावणे, प्रचलित भाषांतरातील चूक दाखविणे, आणि आधीच्या निर्णयांनी त्या चुकीवर काय काय रचले आहे याचा शोध घेणे, असा क्रम वारंवार आढळतो. स्मृतिवचने स्थिर असली तरी टीकाकारांनी ती आपापल्या काळाला अनुसरून वाचली होती, याची त्यांना जाण होती.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. आपाजीच्या प्रकरणात तेलंग पित्याच्या सत्तेविरुद्ध पुत्राच्या बाजूने उभे राहिले, आणि तरीही त्यांना परंपरेशी झगडावे लागले नाही. उलट, परंपरेच्याच ग्रंथातून त्यांनी पुत्राचे स्वातंत्र्य काढून दाखविले. शास्त्र आणि सुधारणा यांचा असा मेळ जेथे बसत होता तेथे त्यांची निर्भयता पूर्णत्वाने प्रकट होई. रूढी ग्रंथाला जुमानत नव्हती आणि घरातील माणसांच्या मनात घर करून बसली होती, तेथे मात्र त्यांच्यापाशी तडजोडीशिवाय दुसरे साधन नव्हते.

(८)

अखेरची दोन वर्षे सन्मानाची आणि क्लेशाची अशी दोन्ही होती. १८९२ साली तेलंग मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. ही दोन्ही पदे तोपर्यंत कोणाही भारतीयाकडे आली नव्हती. मराठी बखरी आणि कागदपत्रे यांतून मराठेशाहीतील राज्यव्यवस्था, धर्मविषयक व्यवहार आणि लोकाचार यांची माहिती वेचून त्यांनी एक इंग्रजी निबंध सिद्ध केला. रानड्यांच्या मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथाला १९०० साली तो परिशिष्ट म्हणून जोडला गेला. बखर हे केवळ लढायांचे वर्णन नसून समाजाच्या अभ्यासाचेही साधन आहे, ही दृष्टी या निबंधाने दिली. जुन्या महाराष्ट्रात धर्मनियमांचे पालन समजले जाते तितके काटेकोर नव्हते, हे त्यातील तपशिलांवरून सूचित होते. सुधारणेसाठी परंपरेतच आधार शोधण्याचा त्यांचा प्रयत्न येथेही दिसतो.

आणि १८९३ साली त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलीचा विवाह केला. रखमाबाईचा वकील आणि संमतिवयाच्या कायद्याचा पुरस्कर्ता असलेल्या न्यायमूर्तींच्या घरी बालविवाह व्हावा, याचा सुधारकांना जबर धक्का बसला आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. सनातन्यांना आयताच दृष्टांत मिळाला. तेलंगांची प्रकृती त्या वेळी ढासळत होती आणि कुटुंबीयांचा आग्रह त्यांना मोडवला नाही, असे या घटनेचे स्पष्टीकरण दिले जाते. ते खरे धरले तरी पुरेसे नाही. प्रथम पत्नीच्या मृत्यूनंतर १८७३ साली पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह करणारे रानडे, आणि पंचहौद मिशनमधील चहापानानंतर १८९२ साली प्रायश्चित्त घेणारेही रानडेच. या घटना तेलंगांच्या घटनेशेजारी ठेवल्या म्हणजे हा एका व्यक्तीचा दोष नसून एका पिढीचा पेच होता, हे ध्यानात येते. या पिढीला विचाराचे स्वातंत्र्य विद्यापीठाने दिले होते, आचाराचे स्वातंत्र्य मात्र एकत्र कुटुंबाच्या ताब्यात होते.

रानडे आणि तेलंग यांच्यात एक फरक मात्र राहतो. आपल्या पत्नीला शिकवून, सार्वजनिक कार्यात सोबत घेऊन रानड्यांनी त्या तडजोडीचे काही अंशी परिमार्जन केले. तेलंगांना तसा अवधी मिळाला नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू आणि मुसलमान यांच्यात भीषण दंगल उसळली. जेरुसलेममधील तीन धर्मांच्या सलोख्याचे नाटक मराठीत आणणारा लेखक त्या वेळी आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत होता. १ सप्टेंबर रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मामा परमानंदही त्याच वर्षी निवर्तले.

(९)

तेलंगांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना त्यांच्या तडजोडीचा निषेध करणे सोपे आहे आणि तिचे समर्थन करणेही अवघड नाही. त्यापेक्षा त्यांच्या ग्रंथनिष्ठेचा आणि तडजोडीचा परस्परसंबंध पाहणे अधिक उद्बोधक ठरते. वेबरला उत्तर देताना, आयोगात वेगळे मत मांडताना आणि पूर्णपीठात एकाकी पडताना त्यांनी जे धैर्य दाखविले, त्याला पुराव्याचे बळ होते. घराच्या उंबरठ्याआत पुराव्याला किंमत नव्हती, तेथे किंमत होती ती संबंधांना. ज्या न्यायबुद्धीने पुत्राचा जन्मसिद्ध अधिकार मिताक्षरेतून शोधून काढला, तिला आठ वर्षांच्या कन्येचा अधिकार सांगणारे वचन हाताशी मिळाले नाही, आणि वचनावाचून उभे राहण्याची सवय तिला नव्हती. तेलंगांच्या विद्वत्तेची मर्यादा येथे उघड होते, आणि तिची थोरवीही याच मर्यादेच्या पार्श्वभूमीवर नेमकी मोजता येते. अल्पमतातील त्यांचा निर्णय कायद्याच्या ग्रंथांत अभ्यासिला जात राहिला. त्यांच्या घरातील त्या निर्णयाविरुद्ध भिन्न मत नोंदविण्याचा अधिकार मात्र ज्या मुलीला असायला हवा होता, तिला तो त्या काळच्या कोणत्याही न्यायालयाने दिलेला नव्हता.